मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या बाई न्यायाधीश



गटाच्या बैठकीत कोर्टकचेरीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "तिथं आपलं कोण ऐकणार?" म्हणून आज न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्याविषयी सांगते.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं. आपल्या भंडाऱ्याची प्रकरणं नागपूरला जातात, ते याच न्यायालयाचं खंडपीठ. इथं तब्बल ११६ वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीवर एकही बाई नव्हती. १९७८ मध्ये सुजाताताई पहिल्या झाल्या.

उच्च न्यायालयाचा न्यायाधीश परीक्षेतून होत नाही. वकिलातून निवडायचा तर उच्च न्यायालयात किमान १० वर्षं वकिली लागते. नेमणूक राष्ट्रपती करतात. सुजाताताईंनी १९५८ पासून, म्हणजे २० वर्षं वकिली केली होती. १९९४ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

बाई खुर्चीवर बसली, त्यानं आपल्याला काय मिळालं? राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या एका गावसेविकेवर अत्याचार झाला. त्यानंतर महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी तीन न्यायमूर्तींनी 'विशाखा' निकाल दिला. त्या तिघांत सुजाताताई होत्या. कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकायला समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी आणि निम्म्या तरी सदस्य बायाच हव्यात, असं त्यात ठरलं. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

हा कायदा फक्त ऑफिसातल्या बायांसाठी नाही. जिथं दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीच्या अध्यक्ष कोण आहेत, हे महिला व बालविकास कार्यालयात विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. एखादीवर वेळ आली, तर शोधाशोधीत तिचे ते तीन महिने जायला नकोत.