कागद जळाले, भिजले, हरवले तर? संस्थेचे काम पुन्हा उभे करण्याची तयारी

६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारचे ‘उमीद’ पोर्टल सुरू झाले आणि वक्फ मालमत्तांची माहिती त्यावर चढवायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या सहा महिन्यांत मुतवल्लींची आणि विश्वस्तांची जी धावपळ झाली, ती आपण सगळ्यांनी पाहिली. निजामाच्या काळातला मुंतखब कुठे आहे, सनद कोणाकडे आहे, राजपत्रात आपल्या मशिदीचा क्रमांक काय, कब्रस्तानचा सर्व्हे नंबर कोणता? कुठे कागद मयत मुतवल्लींच्या ट्रंकेत निघाला, कुठे वाळवीने अर्धा खाल्लेला मिळाला, कुठे मिळालाच नाही. आणि याच मुदतीच्या मधोमध, सप्टेंबरमध्ये, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यातही नद्यांना पूर आले, शेतांबरोबर घरांत पाणी शिरले. ज्यांचे कागद खालच्या खणात होते त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको.

म्हणून आज आम्ही एका रूक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहीत आहोत. मशीद, मदरसा, उर्दू शाळा, बैतुलमाल, बिनव्याजी कर्ज देणारी सोसायटी, यांच्यावर एखादी आपत्ती आली तर काम पुन्हा कसे आणि किती दिवसांत सुरू करायचे? मोठ्या कंपन्या आणि बँका याची लेखी योजना ठेवतात. आपल्या संस्था ठेवत नाहीत. आपल्याकडे योजना म्हणजे सदर साहेबांचा मोबाईल नंबर.

उदाहरणासाठी आपण मांजरसुंबा घेऊ. गाव डोंगरमाथ्यावर आहे. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो, जामखेड-पाटोद्याकडून केजला जाणारा रस्ता इथेच त्याला छेदतो, आणि बीडला जायचे तर घाट उतरून पालीकडून जावे लागते. आता अशा ठिकाणच्या संस्थेला धोका कशाचा? नदीच्या पुराचा धोका इथे बीडच्या मानाने कमीच. पण घाट बंद झाला, अपघाताने असो की दरड येऊन, की बँक, तहसील, मोठा दवाखाना, सगळेच तुटते. दुसरा धोका विजेचा. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज कोसळून माणसे-जनावरे दगावतात. माळावरच्या गावात सगळ्यात उंच वस्तू बहुतेक वेळा मशिदीचा मिनारच असतो. मिनारावर लाइटनिंग अरेस्टर आणि त्याला नीट अर्थिंग नसेल तर अ‍ॅम्प्लिफायर, इन्व्हर्टर, कॅमेरे आणि ऑफिसातला कॉम्प्युटर एका क्षणात जाऊ शकतो. तिसरा शॉर्टसर्किटचा, चौथा चोरीचा. उन्हाळ्यात टँकर आला नाही तर वसतिगृह चालवायचे कसे, हाही धोकाच आहे. आणि ऊसतोडीच्या हंगामात जिल्ह्यातली हजारो कुटुंबे बाहेर असतात, तेव्हा मदतीला धावणारी तरुण मुले गावात किती उरतात, हेही मोजले पाहिजे.

योजनेची पहिली पायरी एवढीच. चार माणसांनी बसून आपल्या गावाचे, आपल्या इमारतीचे धोके लिहायचे. दुसऱ्या संस्थेची यादी उचलू नये. बीडच्या बिंदुसरेकाठच्या मशिदीचे धोके वेगळे. जुलै १९८९ च्या पुरात त्या नदीने बीड शहराचे काय केले, ते जुनी माणसे अजून सांगतात. किल्लारीकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसे गाडली. तुमची जुनी मशीद तशाच बांधणीची असेल तर तुमच्या यादीत भूकंप वर येईल.

दुसऱ्या पायरीला दोन प्रश्न विचारायचे असतात, आणि आमच्या मते सगळ्या योजनेचा जीव या दोन प्रश्नांत आहे. एक, हे काम किती वेळ बंद राहिले तर चालेल? दोन, किती दिवसांची नोंद गेली तर सोसेल?

मशिदीची इमारत वापरता आली नाही तरी नमाज थांबत नाही, मैदानात चटया टाकून जमात होते. पण मदरशाच्या वसतिगृहातल्या मुलांचे जेवण एक वेळही थांबवता येत नाही. म्हणजे चुलीची, पाण्याची आणि झोपायच्या जागेची पर्यायी सोय आधी ठरवायची, वर्गखोल्यांचे नंतर बघता येईल. शाळेचे वर्ग आठवडाभर भरले नाहीत तर भरून काढता येतात. पण दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर तोच आठवडा महाग पडतो.

नोंदीचेही तसेच. कर्ज सोसायटीत रोज पैसे जमा होतात, रोज हप्ते येतात. तिची एका दिवसाची नोंद गेली तरी उद्या दारात भांडण उभे राहील. तिथे रोज संध्याकाळी प्रत काढलीच पाहिजे. कब्रस्तानच्या रजिस्टरात महिन्याला दोन-चार नोंदी होतात, तिथे महिन्यातून एकदा फोटो काढला तरी पुरे. सगळ्यांना एकच नियम लावला तर आठ दिवस उत्साहाने होते, नवव्या दिवशी बंद पडते.

आता कागदांकडे येऊ. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपले सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते आणि ते लगेच दिसतही नाही.

संस्थेचे कागद फक्त संस्थेचे नसतात. निकाहचे रजिस्टर बघा. पासपोर्टला, वारसाला, नवरा-बायकोच्या वादात, वीस वर्षांनी कोणीतरी मुलगी त्याची नक्कल मागायला येते. शाळेचे जनरल रजिस्टर बघा. ओबीसी दाखल्यासाठी आजोबांचा निर्गम उतारा लागतो, तो त्याच रजिस्टरातून निघतो. ते रजिस्टर जळाले तर शाळेची एक वही गेली असे होत नाही, शेकडो घरांचा पुरावा जातो. कब्रस्तानची नोंद, सोसायटीकडे ठेवलेल्या दागिन्यांची नोंद, जकात कोणाला दिली त्याची नोंद, ही सगळी लोकांची अमानत आहे.

कागद आगीत कसे जातात याचे आपल्या राज्यातले सगळ्यात मोठे उदाहरण मंत्रालयाचे आहे. २१ जून २०१२ रोजी चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले भक्ष्यस्थानी पडले, पाच माणसे गेली आणि फायलींची राख झाली. कॉम्प्युटरमध्ये ठेवले म्हणजे सुटलो, असेही नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या, आणि कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ठेवलेली ८५८ टेराबाइटची यंत्रणा जळाली. तिची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. एवढा पुढारलेला देश, आणि प्रत नाही! आता आपल्या ऑफिसात बघा. इन्व्हर्टरची बॅटरी कुठे ठेवली आहे? बऱ्याच ठिकाणी रजिस्टरच्या कपाटाला खेटून. आजच ती हलवा.

कॉम्प्युटरवाले लोक एक साधा हिशेब सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. आपल्याला हा विचार परका नाही. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून कुरआनचे लेखी संकलन करून घेतले, आणि पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती करून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. सीन्यात पाठ होते, तरी लिहून घेतले. लिहिलेले होते, तरी एका शहरात ठेवले नाही.

मांजरसुंब्यासारख्या ठिकाणी याचा अर्थ असा. मूळ कागद लोखंडी कपाटात, जमिनीपासून दोन-अडीच फूट वर. एक प्रत ऑनलाइन, संस्थेच्या नावाच्या खात्यात. तिसरी हार्ड डिस्कवर, दुसऱ्या गावी. बीडला ठेवणार असाल तर नदीकाठच्या मोहल्ल्यात तळमजल्यावर नको, केजला किंवा अंबाजोगाईला कोणा भरवशाच्या विश्वस्ताकडे चालेल. पेन ड्राइव्हवर विसंबू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला म्हणजे प्रत झाली, हा गैरसमज सोडा. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि जुन्या उर्दू-फारसी दस्तऐवजातले नुक्ते पुसट होतात. जिथे नुक्त्याने नाव बदलते तिथे ते परवडत नाही. स्कॅनरवर काढा, मोबाईलवर काढायचे तर दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून.

आणखी एक गोष्ट. मुंतखबचा क्रमांक आणि तारीख, राजपत्रातला क्रमांक, वक्फ मंडळाचा नोंदणी क्रमांक, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, गट किंवा सर्व्हे नंबर, विमा पॉलिसीचा नंबर, बँक खात्याचा नंबर, हे सगळे एका पानावर लिहून ते पान चार विश्वस्तांच्या घरी ठेवा. कागद गेला तरी क्रमांक हातात असेल तर पाणचक्कीला वक्फ मंडळाच्या कार्यालयात, भूमी अभिलेखमध्ये किंवा तहसीलला नकलेचा अर्ज करता येतो. क्रमांकच नसेल तर अर्जात लिहिणार काय?

भिजलेल्या कागदांबद्दलही सांगून ठेवतो. लोक घाईने उन्हात टाकतात किंवा इस्त्री मारतात, दोन्ही चूक. साधारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून सावलीत, पंख्याखाली, खाली-वर कोरा शोषणारा कागद घालून वाळवा. चिकटलेली पाने ओढू नका, जुनी शाई बोटाने पुसू नका. सगळे एकदम वाळवणे शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि थोडे थोडे काढून वाळवा. बुरशी तिथे थांबते. आणि जुन्या सनदेला लॅमिनेशन करू नका. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद आत खराब होतो.

कागदांनंतर पैसा. बँकेच्या खात्यावर सह्या किती जणांच्या? दोघांच्या असतील आणि दोघेही एकाच वर्षी हजला गेले तर महिना-सव्वा महिना खाते कुलूपबंद. तिसरी सही नोंदवून ठेवा. ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? तो फोन पाण्यात गेला तर? रमजानमध्ये वर्षाचा चंदा गोळा होतो आणि त्यावर मदरसा चालतो. २०२० साली लॉकडाऊनमध्ये रमजान आला तेव्हा ही वाट एकदम बंद झाली. त्यातून एवढे तरी घ्यावे की तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला असावी. ती अतियातून किंवा लिल्लाह रकमेतून काढावी. जकातीचा पैसा भिंत बांधायला लावता येत नाही, हे बहुसंख्य उलमांचे मत आपल्याला ठाऊक आहेच. हिशेब वेगळा ठेवला नाही तर आपत्तीच्या दिवशी घाईत नेमके तेच होते.

इमारतीचा आगीचा आणि पुराचा विमा काढायचा की नाही, यावर जमातीत मतभेद असतात. तो प्रश्न आपल्या उलमांना विचारून सोडवा. पण सरकारी मदत असो की विमा, पंचनामा लागतोच, आणि पंचनाम्याला आधीचे फोटो लागतात. वर्षातून एकदा प्रत्येक खोलीचा, पंख्यापासून चटयांपर्यंत, व्हिडिओ काढून ठेवा. नुकसान झाल्यावर तलाठी येण्याआधी मलबा उचलू नका. उचलावाच लागला तर आधी चारी बाजूंनी फोटो घ्या.

कोणी काय करायचे, हे नावाने लिहावे आणि प्रत्येक नावापुढे दुसरे नाव असावे. वसतिगृहातली मुले मोजणारा एक, तो नसेल तर दुसरा. रोज इशाच्या नमाजनंतर मुलांची मोजणी होत असेल तर आग लागल्यावर आत कोण राहिले हे कळते. गॅस सिलिंडर बंद करणारा एक. पालकांना फोन करणारा एक, आणि ते नंबर कागदावर, मोबाईलमध्ये नव्हे. मशिदीचा माइक चालत नसेल तर सूचना कशी द्यायची, तेही ठरवा. दर्शनी भिंतीवर ११२, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ मोठ्या अक्षरात लिहा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेले विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप इमाम साहेब आणि मदरशाच्या उस्तादांच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि अग्निशमनची गाडी बीडहून घाट चढून येणार असेल तर पहिली वीस-पंचवीस मिनिटे आपली आपल्यालाच काढायची आहेत, हे धरून चाला. म्हणजे वाळूच्या बादल्या आणि भरलेली अग्निशामक नळकांडी. त्यावरची तारीख तपासली आहे का?

हे सगळे चार-पाच पानांत बसते. फार लिहू नका, जाड फाईल कोणी उघडत नाही. पण लिहून कपाटात ठेवले तर तेही कपाटाबरोबर जळेल, आणि करून पाहिल्याशिवाय त्यातले काय चालते ते कळत नाही. एखाद्या जुम्म्यानंतर अर्धा तास काढा. ऑफिसला कुलूप लावा, सदर साहेबांचा फोन बंद ठेवायला सांगा. मग जो विश्वस्त या कामात नव्हता त्याला तीन गोष्टी मागा: दहा वर्षांपूर्वीच्या एका निकाहची नोंद, कब्रस्तानच्या जमिनीचा सर्व्हे नंबर, आणि वसतिगृहातल्या सगळ्यात लहान मुलाच्या वडिलांचा फोन नंबर. पहिल्या वेळी तिन्ही सापडणे कठीण आहे. जे सापडले नाही ते लिहून घ्या, दुरुस्त करा आणि शाबानमध्ये, रमजानच्या चंद्याची गडबड सुरू होण्याआधी, हीच चाचणी पुन्हा घ्या.