पुढच्या रांगेतल्या खुर्च्या

गेली सतरा वर्षं मी नाशिकमधल्या एका छोट्या कलाकेंद्रात कुसुमाग्रज व्याख्यानमालेचं काम करतोय. एवढ्या वर्षांत एकही व्याख्यान मी सलग ऐकलेलं नाही. वक्ता रंगात आला की नेमका कोणीतरी मागून शर्ट ओढतो, "चहावाला आलाय, कप किती?"

नाशिककरांना व्याख्यानांचं नवल नाही. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. तिच्यापुढे आमची तीन दिवसांची माला म्हणजे घरगुती मामला. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्मदिन २७ फेब्रुवारी, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी शाळा, कॉलेजं, बँका, सगळ्यांनाच वक्ता हवा असतो. लग्नसराईत भटजी मिळेल, पण २७ तारखेला वक्ता मिळत नाही. स्मृतिदिन १० मार्चला. मधल्या दहा-अकरा दिवसांतल्या तीन संध्याकाळी आम्ही गाठतो. नेमके परीक्षांचे दिवस, त्यामुळे बाहेरचा कर्णा बंद ठेवायचा, हा शेजाऱ्यांशी झालेला करार.

पहिल्या वर्षी फलक रंगवून आला: 'कुसुमाग्रज व वि. वा. शिरवाडकर व्याख्यानमाला'. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. पेंटरकाका शांतपणे म्हणाले, "तुम्हीच कागदावर दोन नावं लिहून दिलीत. मी दोघांचे पैसे लावलेत."

दुसरा फलक करायला वेळ नव्हता. वक्त्यांना आधीच सांगून ठेवलं, तर ते खुशीत आले. त्यांनी सुरुवातच फलकापासून केली. जन्मनाव गजानन, काकांनी दत्तक घेतल्यावर विष्णू वामन, आणि धाकट्या कुसुमचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. "फलक चुकलेला नाही, अपुरा आहे," असं ते म्हणाले आणि सभागृह हसलं. पेंटरकाका दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल एकाचंच दिलं.

विषयांची निराळीच गंमत. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली, पण आमच्या व्यासपीठावरून ते अजून उतरलेलं नाही. एका वर्षी तिन्ही वक्ते त्यावरच बोलले. तेव्हापासून विषय आम्ही ठरवून देतो: 'वीज म्हणाली धरतीला', 'ययाति आणि देवयानी', नाहीतर १९३२ साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात उतरलेले विशीतले कुसुमाग्रज. फोनवर वक्ते "वा, उत्तम" म्हणतात. दहा मिनिटं त्या रस्त्याने चालतात आणि अकराव्या मिनिटाला गाडी 'नटसम्राट'मधल्या अप्पा बेलवलकरांच्या दारात! वेळ संपल्याची चिठ्ठी माझ्याकडे असते. एका वक्त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढची चाळीस मिनिटं बोलले. आभाराच्या वेळी म्हणाले, "रसिकांनी चिठ्ठी पाठवून दाद दिली."

नारळ प्रवासात जड होतो म्हणून शालीसोबत आम्ही कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'ची प्रत देतो. तिसऱ्यांदा आलेल्या एका बाईंनी पुस्तक घेताना हळूच सांगितलं, "घरी दोन आहेत हो. ही माझ्या रिक्षावाल्याला देऊ का?" रिक्षावाला मागे भिंतीला टेकून ऐकत होता. पुढच्या वर्षी तो भाडं नसतानाही आला.

खरी डोकेदुखी मात्र पहिल्या रांगेची. तिथे 'राखीव' असे कागद चिकटवलेले असायचे. मान्यवर यायचे अर्ध्या व्याख्यानाला, कधी यायचेच नाहीत. वक्ता रिकाम्या खुर्च्यांशी बोलायचा आणि नऊवारीतल्या आजी मागे उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी चिकटपट्टी संपली होती, म्हणून कागद लागलेच नाहीत. कॉलेजची पोरं पुढे येऊन बसली. वक्ता कागद बाजूला ठेवून बोलला, पोरांनी प्रश्न विचारले, आणि मी दाराजवळ उभा राहून तब्बल वीस मिनिटं ऐकलं. तो माझा विक्रम आहे.

त्यानंतर आम्ही चिकटपट्टी आणलेली नाही. यंदा याल तेव्हा दहा मिनिटं आधी या आणि सरळ पुढे जाऊन बसा. त्या खुर्च्या कोणाच्याही नावाच्या नाहीत.