गृहीत धरलेलं माणूस

बाराव्या शतकातल्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण (शिवभक्त) दांपत्य सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करी. परंपरा सांगते, की एकदा मारय्याने गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते परत टाकून यायला सांगितले, आणि त्याने ऐकले. त्या घरात तिच्या शब्दाला किंमत होती.

ही किंमत हरवली, की माणसाला गृहीत धरल्यासारखे वाटू लागते. भांडण नसते, तरी मन खट्टू होते. तुरीच्या रानात नवरा-बायको बरोबरीने राबतात. घरी आल्यावर तो खाटेवर टेकतो, ती चुलीपुढे बसते. ताटात गरम भाकरी पडते, पण ‘तू जेवलीस का?’ असे कोणी विचारत नाही.

2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी 299 मिनिटे घालवत होत्या, तर असे काम करणारे पुरुष 97.

असे गृहीत धरण्यामागे दरवेळी दुष्टावा नसतो. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवले, की नवरा-बायको दोघेही घरातला आपापला वाटा जास्त धरतात. स्वतःचे कष्ट चटकन आठवतात. दुसऱ्याचे नजरेआड होतात.

मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो यांच्या 2010च्या अभ्यासात, जोडीदाराविषयी कृतज्ञता वाटली की दुसऱ्या दिवशी नाते अधिक जवळचे वाटल्याचे दिसले.

तेव्हा मनात कुढू नका. काय खुपते ते नेमके सांगा, कामे वाटून घ्या, आणि जोडीदाराने केलेल्या कामाची दखल त्याच दिवशी घ्या.