घसा धरला की जिंदा तिलिस्मात! पण बाटलीचं काम कुठे संपतं, तेही ओळखा

थंडीची चाहूल लागली की घरोघरी एकच तक्रार सुरू होते. घसा धरलाय, आवाज बसलाय, थुंकीसुद्धा गिळवत नाही. मग कोणीतरी फडताळातून एक छोटी बाटली काढतं. आत गडद तपकिरी औषध, खोक्यावर हबशी माणसाचं चित्र आणि झाकण उघडताच खोलीभर पसरणारा वास. नांदेड, देगलूर, उदगीर असो की बीदर, भालकी, आदिलाबाद, निजामाबाद. राज्य बदललं, पाट्यांवरची लिपी बदलली, तरी ही बाटली काही बदलली नाही.

जिंदा तिलिस्मात हे तिचं नाव. अर्थ साधा, ‘जिवंत जादू’. पण ती नेमकं काय करते आणि कोणत्या दुखण्यात तिच्यावर विसंबून चालत नाही, हे किती घरांना माहीत आहे?

बाटली अंबरपेठेची

नांदेडहून रेल्वेने काचीगुड्याला उतरलं की अंबरपेठ फार लांब नाही. हैदराबादच्या याच भागात जिंदा तिलिस्मातचा कारखाना आहे. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी 1920 मध्ये हे औषध सुरू केलं. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. कचेरीच्या, कोर्टाच्या, शिक्षणाच्या कामाला आपली माणसं हैदराबादलाच जायची. 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये भाषेप्रमाणे राज्यं वेगळी झाली. नकाशावर रेघ पडली, पण औषधाच्या फळीवर पडली नाही.

खोक्यावरच्या हबशी माणसाचा धागाही हैदराबादचाच. निजामाच्या पदरी आफ्रिकी वंशाच्या सैनिकांचं घोडदळ होतं. शहरातल्या ए. सी. गार्ड्‌स या वस्तीला त्याच ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌स’चं नाव पडलंय. हबशी सैनिक म्हणजे ताकद, धडधाकट तब्येत, अशी लोकांची समजूत होती.

आत आहे तरी काय?

जादू वगैरे काही नाही, वस्तू ओळखीच्याच आहेत. मुख्य भाग नीलगिरीच्या तेलाचा. जोडीला कापूर, पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचं सत्त्व म्हणजे थायमॉल. तपकिरी रंग रतनजोतीच्या मुळीचा. घरी अमृतधारा केली असेल त्यांना हे लगेच कळेल. कापूर, पुदिना फूल आणि ओवा फूल एकत्र केलं की पाणी न घालताच त्याचा पातळ अर्क होतो. हे त्याच घराण्यातलं.

मेंथॉल आपल्या नसांमधली थंडावा ओळखणारी यंत्रणा चेतवतो. खरं तर काहीच थंड झालेलं नसतं, पण मेंदूला गार वाटतं आणि दुखण्याची धार बोथट होते. नाकाचंही तसंच. आतली सूज होती तेवढीच असते, तरी ‘नाक मोकळं झालं’ असं वाटतं. म्हणजे आराम खरा आहे, पण तो जाणिवेचा आहे. जंतूंचा बंदोबस्त त्याने होत नाही.

चीनमध्येही घरोघरी हेच

आखाती देशातून किंवा सिंगापूरहून येणारे पाहुणे टायगर बामची डबी आणतात ना? ती मूळची रंगूनच्या एका चिनी कुटुंबाची. ऑ छू किन तिथे औषधाचं दुकान चालवायचे. त्यांची मुलं ऑ बून हॉ आणि ऑ बून पार यांनी हा बाम जगभर नेला. ‘हॉ’ म्हणजे वाघ, म्हणून डबीवर वाघ. आत काय? कापूर, मेंथॉल, लवंगेचं तेल आणि नीलगिरीच्याच कुळातल्या काजुपुटीचं तेल. अंबरपेठ आणि रंगून, वास जवळपास तोच.

घसा दुखतो म्हटलं की चिनी वैद्य आधी विचारतो, दुखणं गरम की थंड? घसा लाल, ताप, तहान असेल तर ‘वारा आणि उष्णता’; हुडहुडी आणि पाण्यासारखं नाक वाहत असेल तर ‘वारा आणि थंडी’. गरम दुखण्यासाठी तिकडे ‘यिन छियाओ सान’ नावाचं चूर्ण प्रसिद्ध आहे. वू जुतोंग या वैद्याने ते 1798 च्या आपल्या ग्रंथात सांगितलं. त्यात हनीसकलची फुलं, फोर्सिथियाची फळं, पुदिना आणि जेष्ठमध असतं. थंड दुखण्यात आल्याचा काढा देतात. घसा कोरडा पडून खोकला लागला तर लोकाटाच्या पानांचं मध घातलेलं चाटण.

आपल्या हकिमांची रीतही अशीच. ते रोग्याचा मिजाज पाहतात, म्हणजे प्रकृती गरम की सर्द, बलगम किती. घशासाठी शरबत तूत स्याह, म्हणजे काळ्या तुतीचं सरबत देतात. सर्दीला जेष्ठमध, बनफशा घातलेला जोशांदा. वैद्य त्याच कफाला आडुळसा, जेष्ठमध देतो. तिन्ही ठिकाणी सापडणारं औषध म्हणजे जेष्ठमध. ते चघळलं की घशावर ओलसर लेप बसतो आणि खवखव कमी होते. पण रोज, भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम घटतं. बी. पी.च्या माणसाने ते मनानेच सुरू करू नये.

मग घरी काय करायचं?

घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणूची असतात. असा घसा साधारण आठवडाभरात आपोआप बरा होतो. त्याला ॲन्टिबायोटिक लागत नाही आणि घेतली तरी उपयोग नाही. तोवर आराम मिळावा एवढंच आपल्या हातात असतं:

• पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या.
• गरम पाणी, पेज, सार, हळदीचं दूध. घसा ओला राहिला पाहिजे.
• चमचाभर मध. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये.
• जिंदा तिलिस्मात किंवा तसलं कुठलंही औषध सोबतच्या कागदावर लिहिलेल्या प्रमाणातच. ‘दोन थेंबांनी बरं वाटलं, मग दहा घेऊ’ हा हिशेब इथे चालत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हात आखडताच हवा. नीलगिरीचं तेल किंवा कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाखाली मेंथॉल-कापराचा बाम लावला तर त्याचा श्वास अडखळू शकतो. फिट येणाऱ्यांनीही कापरापासून लांब राहावं. बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवा. मुलाने ती तोंडाला लावलीच तर उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

बाटली बाजूला कधी ठेवायची?

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एकदम दुखू लागला, सोबत ताप आहे, गळ्याच्या गाठी दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात आणि खोकला-सर्दी मात्र नाही. अशा वेळी स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूची शंका घ्यावी. घसा दुखणाऱ्या दर दहा मुलांत साधारण तिघांना तो निघतो. त्यावर इलाज न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी काहींना संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात, बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पुढे पंचविशी-तिशीत बाईला बाळंतपणात धाप लागते, तेव्हा कुठे लहानपणीच्या घशाचा पत्ता लागतो. यावर पेनिसिलिनच्या गटातलं साधं औषध चालतं. बहुधा दहा दिवसांचा कोर्स असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो अर्धवट सोडायचा नाही.

दुसरं दुखणं याहून घातक, घटसर्प. घशात राखाडी-पांढरा पडदा दिसतो, तो सहज सुटत नाही. मान सुजते, आवाज घोगरा होतो, श्वासाला आवाज येतो. याचं विष हृदयावर आणि नसांवर जातं. त्यावर अँटिटॉक्सिनचं इंजेक्शन लागतं आणि ते लवकर लागतं. विष एकदा पेशींत शिरलं की इंजेक्शन ते परत काढू शकत नाही. इथे गुळण्या करण्यात गेलेला एक दिवस फार महागात पडतो.

याशिवाय तोंड उघडत नसेल, लाळ गळत असेल, पाणीही गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल तर रात्र असली तरी थांबू नका. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला, त्यातही तंबाखू-विडीची सवय असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच.

शेजारचा दुसरा पत्ता

अंबरपेठेला लागूनच नल्लाकुंटा आहे. तिथे साथीच्या रोगांचं सरकारी फीवर हॉस्पिटल आहे. सर रोनाल्ड रॉस यांचं नाव त्याला दिलंय. डासातून मलेरिया पसरतो याचा धागा रॉस यांना 1897 मध्ये सिकंदराबादेतच सापडला होता. जुनी माणसं मात्र अजून ‘कोरंटी दवाखाना’च म्हणतात. क्वारंटाइनचं ते दखनी रूप. घटसर्पाचे रुग्ण इथे येतात, आजही येतात.

ते टाळण्याचा उपाय दोन्ही पत्त्यांवर नाही, आपल्या गावच्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात आहे, तोही फुकट. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस, मग दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर डीपीटीचा बूस्टर, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. सुरुवातीच्या सुया बहुतेक घरं देतात. मूल शाळेत जायला लागलं की बूस्टर राहून जातो. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा हैदराबादला बांधकामाला राज्य ओलांडून जाणाऱ्या कुटुंबांत तर कार्डच गावी राहतं. कार्ड सोबत ठेवा. राज्य दुसरं असलं तरी सरकारी केंद्रात पुढची सुई मिळते.

अंबरपेठेची बाटली घरात असू द्या. आजीने विश्वासाने जपलेली वस्तू आहे, घशाला आराम देते. फक्त ती उघडण्याआधी मुलाला उजेडात बसवा, ‘आ’ करायला सांगा आणि घशात एकदा नीट बघा. पडदा किंवा ठिपके दिसले तर झाकण लावा आणि निघा.