डोळे पिवळे न करणारी कावीळ

आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी माणूस येतो, चिठ्ठी पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, कावीळ किती आहे तेवढं बघा." त्याला बिलिरुबिनचा आकडा हवा असतो. तो आम्ही देतोच. पण ही कावीळ कुठल्या विषाणूची, हे विचारणारा क्वचित भेटतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियनचं काम करताना मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. त्यातले ए आणि ई पाण्याचे. रुग्णाच्या विष्ठेतून ते पाण्यात जातात आणि फुटक्या पाइपातून, उघड्या आडातून किंवा बर्फातून दुसऱ्याच्या पोटात. कावीळ झाली की आपल्याकडे उसाचा रस पाजतात. तो गाड्यावरचा, बाहेरचा बर्फ टाकलेला असेल, तर त्याच बर्फातून नवा रुग्ण तयार होऊ शकतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. तोवर पाइप दुरुस्तही झालेला असतो आणि दोष कशाचा ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी यमुनेतून थेट पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. साथ 'ए'ची, असंच सगळे धरून चालले होते. पुढे 1980 साली तेव्हाचे जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा तो 'ए' नव्हताच असं कळलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ या कामात होते. त्या विषाणूला आज आपण 'ई' म्हणतो. 2012 साली इचलकरंजीत त्यानेच थैमान घातलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायकाही दगावू शकतात. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं. इतरांनाही ग्लानी आली, बरळणं सुरू झालं किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर घरी थांबू नये.

एरवी ए आणि ई बहुतेकांच्या शरीरातून काही आठवड्यांत आपोआप जातात. कावीळ उतरवणाऱ्यांचं नाव होतं ते यामुळेच. गळ्यात माळ घालतात, ती दिवसागणिक लांबते आणि लोक म्हणतात, कावीळ उतरली. त्या माळेतल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. धडधाकट माणसाच्या गळ्यातही लांबेल. नाकात कसला तरी रस सोडणं, हातावर डाग देणं हे प्रकार तर मला बघवत नाहीत. आजाराने आधीच खंगलेल्या माणसाला आपण आणखी इजा करतो.

पण माळेवर भरवसा ठेवून बसलेल्याला बी किंवा सी असेल, तर? हे दोन रक्तातून पसरतात. एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने, न तपासलेल्या रक्तातून, सामायिक वस्तऱ्यातून, जत्रेत गोंदवून घेताना. 'बी' शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. 'डी' एकटा येत नाही, 'बी' असेल तिथेच येतो आणि आजार बिकट करतो. 2009 साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सुयांमुळे 'बी'ची साथ पसरली आणि कितीतरी माणसं गेली. अमिताभ बच्चन यांना 1982 च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून 'बी' झाला आणि तो कळला बऱ्याच वर्षांनी. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता. हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलं आहे.

बी-सीच्या बहुतेक रुग्णांचे डोळे वर्षानुवर्षं पांढरेशुभ्र असतात. माणूस शेतात राबतो, मुलांची लग्नं करतो आणि आत यकृत आकसत जातं. मग एक दिवस पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते किंवा सोनोग्राफीत गाठ दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात 'बी'चे सुमारे 2 कोटी 98 लाख आणि 'सी'चे 55 लाख रुग्ण होते.

तपासणी साधी आहे. रक्ताचे थोडे थेंब, एक कार्ड आणि वीसेक मिनिटं. 'बी'च्या कार्डावर दोन रेषा उमटल्या तर विषाणू शरीरात आहे. 'सी'चं कार्ड मात्र लागण कधीतरी झाली होती एवढंच सांगतं. विषाणू आज आहे का, हे पाहायला व्हायरल लोडची तपासणी लागते. असला, तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरातले पंचाण्णव तरी पूर्ण बरे होतात. 'बी' मुळासकट सहसा जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. त्याची लस आहे, 'सी'ची नाही.

पॉझिटिव्ह रिपोर्ट आलेल्या गरोदर सुनेचं ताट वेगळं केल्याचं मी पाहिलं आहे. एका ताटात जेवल्याने, बाळाला जवळ घेतल्याने 'बी' होत नाही. तिने बाळाला अंगावर पाजावं. फक्त जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस मिळाली पाहिजे, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही. जन्मावेळी लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांना हा आजार जन्माचा चिकटतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांनाही नाही. म्हणून तो पहिला दिवस चुकवू नका.

28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. कधी रक्त चढवलं असेल, गोंदवून घेतलं असेल, घरात कुणाला यकृताचा आजार असेल, तर डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि "माझी बी आणि सी दोन्ही तपासा" असं स्पष्ट सांगा.