पेन ड्राइव्हमधील शॉर्टकट व्हायरस कसा काढावा?

शिष्यवृत्तीचा फॉर्म असो, पीक विम्याचा अर्ज असो की मुलांच्या प्रोजेक्टची प्रिंट. जालना शहरात काय किंवा भोकरदन, परतूर, मंठ्यात काय, आपला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातोच. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभर कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह लागलेले असतात. घरी येऊन तो लावला की दिसते, सगळ्या फोल्डरच्या चिन्हांवर छोटासा बाण आला आहे. हाच शॉर्टकट व्हायरस.

तो तुमच्या फाइली पुसत नाही, लपवतो. त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. तुम्ही त्यावर डबल क्लिक केले की आधी व्हायरस चालू होतो आणि मग फोल्डर उघडते, म्हणून शंकाही येत नाही. तोवर तो कॉम्प्युटरमध्ये शिरलेला असतो. पुढे त्या कॉम्प्युटरला लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधित होतो.

अशा वेळी सहज सल्ला मिळतो, "फॉर्मॅट मारून टाका." घाई करू नका. दहावीची मार्कशीट, सातबारा, लग्नाचे फोटो त्यात असतील तर ते अजून तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे.

पेन ड्राइव्ह काढून ठेवा आणि आधी कॉम्प्युटर साफ करा. उलटे केले तर साफ केलेला पेन ड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा बाधित होईल. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस मोफत असतोच. विंडोज सिक्युरिटी उघडून तो अपडेट करा. इंटरनेट तेवढ्यापुरतेच चालू ठेवा. मग 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधील 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडे काम आधी सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो आणि स्वतःला लपवू शकतो. ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो, म्हणून तो जास्त भरवशाचा. नंतर एकदा फुल स्कॅनही करा. त्याला काही तास लागू शकतात.

आता पेन ड्राइव्ह लावा, पण उघडू नका. राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समधील 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची टिक काढा. ही दुसरी टिक बरेच जण विसरतात आणि फाइली गेल्याच असे समजतात. काही वेळा सगळा डेटा नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सापडतो. फक्त आपले फोटो आणि कागदपत्रे कॉपी करा, अनोळखी फाइल किंवा शॉर्टकट नको. हे झाल्यावर पेन ड्राइव्ह खुशाल फॉर्मॅट करा आणि ती टिक परत लावा.

बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड मोबाइलवरून बदला. काही व्हायरस कीबोर्डवर टाइप केलेले टिपून ठेवतात, म्हणून बाधित कॉम्प्युटरवर बदलून उपयोग नाही.

हा प्रकार तसा नवा नाही. नव्वदच्या दशकात व्हायरस फ्लॉपीतून पसरत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी त्यावर उपाय शोधला, त्यातूनच क्विक हील उभी राहिली. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही २०१७ पासून व्हायरस काढण्याची मोफत टूल्स मिळतात.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे शक्य असेल तर विंडोज ११ घ्या. आणि क्रॅक सॉफ्टवेअर टाकताना कोणी "अँटिव्हायरस जरा बंद करा" म्हणाले, तर तिथेच थांबा. माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरला सर्वात मोठा धोका हाच आहे.

दुकानासाठी एक वेगळा, स्वस्तातला पेन ड्राइव्ह ठेवा आणि त्यात प्रिंट काढायची तेवढीच फाइल न्या. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर, आधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.