धरण भरलेलं, नळ कोरडा

रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात एक दिवसाआड पाण्याची पाळी शहरावर आलेली आहे. जांभ्याच्या सड्यांवरून पाणी बघता बघता समुद्र गाठतं, हे कारण खरंच. पण धरणात साठा असतानाही नळ कोरडा राहिला, तर आभाळाला दोष देऊन भागत नाही.

शहराची तहान भागवणाऱ्या शीळ धरणाचं पाणी जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), पंप, मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, साठवण टाकी असे टप्पे ओलांडून गल्लीत येतं. यातला प्रत्येक टप्पा शंभरातले 98 दिवस धडधाकट असतो असं धरू. तरी पाचही एकाच दिवशी चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांवर येते, म्हणजे वर्षातले पस्तीसेक दिवस खोळंब्याचे! राखीव पंपाचं मोल इथे कळतं. 90 टक्के भरवशाचे दोन पंप असतील आणि एकावर काम भागत असेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता जेमतेम 1 टक्का. मात्र दोन्हींना वीज एकाच फीडरवरून असेल, तर हा हिशेब कोलमडतो. शहराच्या पानवल धरणाचं पाणी पंपाविना, उताराने येऊ शकतं, म्हणूनच ते धरण जपायला हवं.

पुरवठा खंडित असला की आणखी एक दुखणं. पाणी सुटताना नळ आधी फुसफुसतो, मग गढूळ धार येते. वाहिनी रिकामी होताना आतला दाब पडतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरतं. त्यामुळे नळाच्या टोकालाही लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे.

गळती शोधायची वेळ म्हणजे रात्री दोन ते चार. गाव झोपलेलं असताना, घरच्या टाक्या भरलेल्या असताना, वाहिनी चालू ठेवून तिच्यावरचा मीटर बघायचा. तरीही तो जोरात फिरत असेल, तर पाणी जमिनीत मुरतंय. मग व्हॉल्व्हवर लोखंडी सळई टेकवून कान लावायचा. गळतीची सूं सूं ऐकू येते.

केंद्र सरकारच्या 2008 च्या मापदंडांनुसार माणशी रोज 135 लिटर पाणी, 24 तास पुरवठा आणि हिशेबाबाहेरचं पाणी 20 टक्क्यांच्या आत हवं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. रत्नागिरी नगर परिषदेने निदान प्रत्येक प्रभागातले पुरवठ्याचे तास, दाब आणि क्लोरीन यांचे आकडे दरमहा जाहीर करावेत, आणि नागरिकांनी ते मागावेत.